मनगटातली शीर परत लागणार असते

ॲन्जिओग्राफीसाठी, म्हणजे शिरेतून बारीक नळी (कॅथेटर) हृदयापर्यंत नेऊन करायच्या तपासणीसाठी, पेशंट ॲडमिट झाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सिस्टर, हातातून करणार की मांडीतून?" हातातून म्हटलं की सगळ्यांचे चेहरे सैल होतात. सोलापुरात आता रिक्षावाल्या मामांनासुद्धा माहीत आहे की हातातून केलं तर संध्याकाळी माणूस उठून चहा पितो. प्रश्न बरोबरच आहे. पण गेली बरीच वर्षं कॅथलॅबमध्ये नर्स म्हणून उभी राहिल्यावर मला वाटतं, तो तिथेच थांबायला नको. हातातून म्हणजे नेमकं कुठून? सुई कशी घालणार? आणि काम झाल्यावर ते भोक बंद कसं करणार? हा शेवटचा प्रश्न आजवर मला एकाही नातेवाइकाने विचारलेला नाही, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यांत मोठा आहे.

मांडीचं आधी आटपते. जांघेतली फिमोरल आर्टरी मोठी असते, मोठमोठी सामग्री तिच्यातून सहज जाते, म्हणून काही अवघड केसेसमध्ये अजूनही ती लागतेच. पण ती खोल आहे. सुई जरा वर लागली तर रक्त पोटाच्या मागच्या बाजूला साठत जातं, बाहेर थेंबही दिसत नाही आणि बीपी पडायला लागल्यावर कळतं. शीथ, म्हणजे सामग्री आत न्यायला शिरेत बसवलेली आखूड नळी, काढल्यावर दाबून धरायचं, वर वाळूची पिशवी ठेवायची, पाय न हलवता तासन्‌तास पडून राहायचं. बायका तर बेडपॅनच्या लाजेने पाणी प्यायचं सोडतात. ॲन्जिओच्या डायनंतर (शिरा एक्स-रेत दिसाव्यात म्हणून सोडलेलं औषध) पाणी पिणं किती गरजेचं असतं हे सांगून सांगून आमचा घसा बसायचा.

मनगटाची वाट माँट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटच्या लुसियाँ कॅम्पो यांनी दाखवली. १९८९ साली त्यांनी १०० पेशंटांचा अनुभव छापला. पुढे १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमचे फर्डिनांड किमेनाय याच वाटेने ॲन्जिओप्लास्टी करू लागले. आपल्याकडे अहमदाबादच्या डॉ. तेजस पटेल यांनी ही पद्धत हिरिरीने पुढे नेली. मग मोठे अभ्यास आले. २०११ च्या ‘रायव्हल’मध्ये ७०२१ पेशंट होते. सुई टोचलेल्या जागेच्या शिरेच्या मोठ्या तक्रारी मांडीच्या गटात ३.७ टक्के, मनगटाच्या गटात १.४ टक्के. २०१५ च्या ‘मॅट्रिक्स’मध्ये ८४०४ पेशंट होते, सगळे ॲटॅकचे किंवा ॲटॅकच्या उंबरठ्यावरचे. त्यात ३० दिवसांतले मृत्यू मांडीच्या गटात २.२ टक्के आणि मनगटाच्या गटात १.६ टक्के निघाले. युरोप-अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मनगट आता पहिल्या पसंतीवर आहे. म्हणजे हात की मांडी, हा वाद जवळपास मिटलेला आहे.

खरी निवड मनगट ठरल्यावर सुरू होते.

हाताला रक्त दोन बाजूंनी येतं. अंगठ्याकडून रेडियल, करंगळीकडून अल्नर, आणि तळहातात दोघी कमानीसारख्या एकमेकींना मिळतात. सोलापूरला पाण्याची उजनीची लाइनही आहे आणि टाकळीचीही. एक बंद पडली तरी गावाचं कसंबसं भागतं, तसंच हे. म्हणून रेडियल बंद पडली तरी बहुतेकांच्या हाताला काही होत नाही. दुखत नाही, बोटं गार पडत नाहीत, पेशंटला पत्ताही लागत नाही. नेमका इथेच घोळ आहे. पत्ता लागत नाही म्हणून कुणी बघत नाही, आणि कुणी बघत नाही म्हणून ती किती जणांची बंद पडते हे त्या त्या हॉस्पिटलला माहीतच नसतं.

पूर्वी आम्ही प्रत्येकाची ॲलन टेस्ट करायचो. मूठ घट्ट मिटायला लावायची, दोन्ही शिरा दाबायच्या, मूठ उघडून अल्नर सोडायची आणि तळहाताला लाली किती सेकंदांत येते ते बघायचं. टेस्ट चांगली नाही आली म्हणून त्या हाताला हात लावायचा नाही, असा दंडक होता. पुढच्या अभ्यासांत दिसलं की टेस्ट नापास झालेल्यांच्या हातालाही काही इजा होत नाही. त्यामुळे तो दंडक आता गेला. बोटाला ऑक्सिमीटर लावून स्क्रीनवरची लाट बघायची बार्बो टेस्ट मात्र मला अजून फार उपयोगी वाटते. सुरुवातीपेक्षा शेवटी जास्त. त्याकडे येतेच.

तर जागा तीन. पहिली, नेहमीची: मनगटाच्या घडीच्या दोनेक सेंटीमीटर वर, जिथे वैद्य नाडी बघतात तिथेच. शीर वरवर असते आणि खाली हाड असल्यामुळे दाबायला आधार मिळतो. दुसरी, डिस्टल रेडियल. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी दोन ताणलेल्या कंडरांच्या मध्ये एक खळगा पडतो, त्या खळग्यात. किमेनाय यांनीच २०१७ मध्ये डाव्या हाताच्या या जागेवरचा ७० पेशंटांचा अनुभव मांडला आणि जगभर ती चर्चेत आली. तिसरी अल्नर, करंगळीच्या बाजूची. अजमेरच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये २५३२ पेशंटांवर रेडियल आणि अल्नरची तुलना छापली आणि अनुभवी हातात अल्नर कमी पडत नाही असं दाखवलं. ‘अनुभवी हातात’ हे शब्द महत्त्वाचे, कारण अल्नर खोल जाते, तिला लागूनच मज्जातंतू असतो आणि दाबायला खाली रेडियलसारखा आधार नसतो. आमच्याकडे अल्नर क्वचितच घेतात. त्याच हाताची रेडियल आधीच बंद असेल तर आमचे सर अल्नरला हात लावत नाहीत. उरलेली एकच लाइन धोक्यात कशाला घालायची?

डिस्टलबद्दल मी सुरुवातीपासून उत्साही आहे, पण डोळे मिटून नाही. तिचा मोठा गुण असा की तळहाताकडे जाणारी एक फांदी त्या खळग्याच्या आधीच फुटते. त्यामुळे खळग्यातलं भोक बुजताना तिथला प्रवाह थांबला तरी मनगटावरची मुख्य शीर वाहती राहायची शक्यता जास्त. दुसरा गुण आरामाचा. डावा हात पोटावर आडवा, अंगठा वर, पेशंट निवांत. नेहमीच्या जागेतून डाव्या हाताची केस करायची तर डॉक्टरांना पेशंटच्या अंगावरून वाकावं लागतं, जड लेड ॲप्रन घालून. इथे ते वाकणं वाचतं. रक्तही लवकर थांबतं.

आता दुसरी बाजू. तिथली शीर बारीक असते, नागमोडी असते, वायर (नळीला वाट दाखवणारी बारीक तार) अडते. मागे लगेच हाड. सुई हाडाच्या आवरणाला लागली की पेशंट कळवळतो. जवळून संवेदनेची एक नस जाते, तिला धक्का लागला तर अंगठ्याच्या मागे काही दिवस मुंग्या येत राहतात. उंच माणसाला तिथून कॅथेटर कमी पडण्याची भीती असते. २०२२ मध्ये आलेल्या ‘डिस्को रेडियल’ अभ्यासात १३०७ पेशंट होते. डिस्टल गटात जागा बदलावी लागली ७.४ टक्के वेळा, नेहमीच्या जागेच्या गटात ३.५ टक्के. शीर आकसण्याचं प्रमाणही डिस्टलमध्ये जवळपास दुप्पट. रक्त थांबायला लागणारा वेळ मात्र १८० मिनिटांवरून १५३ वर आला. आणि ज्यासाठी एवढा खटाटोप, ते शीर बंद पडणं? डिस्टलमध्ये ०.३१ टक्के, नेहमीच्या जागेत ०.९१ टक्के. तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका छोटा होता.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला डिस्टलपेक्षा नेहमीच्या जागेचं कौतुक वाटलं. ०.९१! जुन्या अहवालांत हेच प्रमाण पाच-दहा टक्क्यांपर्यंत असायचं. मग जागा तीच असताना एवढं खाली कसं आलं? कारण त्या अभ्यासात दोन्ही गटांत शीर जपायचे नियम काटेकोर पाळले होते. रक्त गोठू न देणारं हिपॅरिन पुरेसं, बारीक भिंतीची शीथ, आणि बंद करताना शीर वाहती ठेवणं. जागा कोणतीही घ्या, जपलंत तर राहते.

सुई घालण्याच्या पद्धतीवरही डॉक्टरांचे दोन पंथ आहेत. एक, नुसती सुई घेऊन शिरेची फक्त पुढची भिंत भेदायची. रक्त आलं की हात स्थिर धरून वायर आत. दुसरा, प्लॅस्टिकची नळी चढवलेली सुई पुढून मागे आरपार न्यायची, सुई काढून घ्यायची आणि नळी हळूहळू मागे ओढायची. रक्ताची धार उडाली की वायर. ऐकायला दुसरी पद्धत आडदांड वाटते. पण तुलना केल्यावर तिच्यात वेळ वाचलेला दिसला आणि रक्तस्राव किंवा शीर बंद पडणं वाढलेलं दिसलं नाही. खळग्यात मात्र आरपार नको, मागे हाड आहे. माझं मत विचाराल तर पंथापेक्षा पहिल्या फटक्यात लागणं महत्त्वाचं. दोन-तीनदा टोचलं की बारीक शीर चिडते, आकसून बसते, मग बोटाखाली नाडीच लागत नाही.

म्हणूनच सोनोग्राफीच्या छोट्या प्रोबवर माझा जीव आहे. २०१५ च्या ‘राउस्ट’ अभ्यासात ६९८ पेशंटांत नुसत्या बोटाने चाचपून पहिल्या प्रयत्नात शीर मिळाली ४३.९ टक्के वेळा आणि सोनोग्राफीने बघून ६४.८ टक्के वेळा. शिवाय शीर किती रुंद आहे ते सुई लावायच्या आधी कळतं. सहा फ्रेंचची (फ्रेंच म्हणजे नळीच्या जाडीचं माप) साधी शीथ बाहेरून साधारण अडीच मिलिमीटर. आपल्याकडच्या कितीतरी बायकांची रेडियल त्याहून लहान असते. अडीचची नळी दोनच्या शिरेत कोंबली तर आतलं अस्तर सोलणारच.

विडी घरकुलातल्या एका अक्कांची केस मला या संदर्भात नेहमी आठवते. बारीक चण, मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं. उमेदीपासून विड्या वळलेल्या. उजव्या बोटांना कात्रीचे घट्टे. टेबलवर घेताना त्यांनी उजवा हात छातीशी धरून ठेवला. "हा हात नको गं बाई, ह्याच्यावर घर चालतंय." सरांनी लगेच मान्य केलं, डावा घेऊ. डाव्या खळग्यात घ्यायचं मनात होतं, पण प्रोब ठेवल्यावर तिथली शीर दोन मिलिमीटरचीही भरेना. मग डाव्याच हाताच्या नेहमीच्या जागी, पाच फ्रेंचची शीथ. लॅबमधला एसी मशीनसाठी कडक ठेवावा लागतो आणि थंडीने, भीतीने शीर आकसते. म्हणून आत घ्यायच्या आधी मी त्यांचा हात चादरीत गुंडाळून ठेवला होता. सोलापुरी चादर, अजून काय असणार आमच्याकडे. शीथ आत गेल्यावर शीर सैल करणारं नायट्रोग्लिसरीन दिलं. "नोप्पी उंदा अक्का?" दुखतंय का, एवढं तेलुगू मला येतं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि हळूहळू उजवी मूठही सैल केली. त्या दिवशी आधी ठरवलेली जागा धरून बसलो असतो तर बहुधा टोचाटोचीच झाली असती.

उजवा की डावा, याचंही थोडं सांगते. टेबलाची, स्क्रीनची मांडणी उजव्या हाताच्या सोयीची असते म्हणून उजवा सर्रास घेतात. पण वय झालेल्या, ठेंगण्या, वर्षानुवर्षं बीपी असलेल्या माणसांत उजवीकडून हृदयाकडे जाणारा रस्ता खांद्यापाशी वेडावाकडा झालेला असतो. डावीकडून तो बऱ्याचदा सरळ जातो. बायपास झालेल्यांत छातीतली डावी शीर वापरलेली असते, ती बघायची तर डावा हातच सोयीचा. आणि ज्यांच्या किडन्या थकत चालल्यात, क्रिएटिनिन वाढतंय, त्यांच्या बाबतीत मी स्वतः सरांना आठवण करते. उद्या डायलिसिसचा फिस्टुला (सुया लावण्यासाठी हातातल्या दोन शिरांची जोडणी) याच शिरेवर करावा लागेल. आपल्याकडे डायबेटिस घराघरात आहे, त्यामुळे ही गोष्ट काल्पनिक नाही. अशा वेळी मांडी घेतली म्हणून नातेवाइकांनी नाराज होऊ नये. त्या डॉक्टरांनी पुढचा विचार केलाय.

आता बँड. केस संपली, सगळे हातमोजे काढून निघाले, की आम्हा सिस्टर लोकांचं काम सुरू होतं. मनगटावर पारदर्शक बँड बांधायचा, सिरिंजने पंधराएक मिलिलिटर हवा भरायची, शीथ काढून घ्यायची. रक्त दिसत नाही, बँड घट्ट, सगळं छान. इथेच बरेच जण थांबतात. पण एवढं आवळलं की शिरेतला प्रवाहच थांबतो आणि थांबलेलं रक्त गोठतं. म्हणून हवा सावकाश काढत जायची, टोचलेल्या जागी रक्ताचा बारीकसा मणी डोकावेपर्यंत. मणी दिसला की एक-दोन मिलिलिटर परत भरायची. मग अंगठ्याला ऑक्सिमीटर लावायचा, करंगळीकडची अल्नर बोटाने दाबून धरायची आणि स्क्रीनकडे बघायचं. लाट उमटतेय? म्हणजे रक्त बँडखालच्या रेडियलमधून वाहतंय. लाट सपाट झाली तर अजून थोडी हवा काढायची. डॉ. समीर पांचोली यांच्या २००८ च्या अभ्यासात ४३६ पेशंट होते. नुसतं आवळून ठेवलेल्या गटात ३० दिवसांनी ७ टक्के शिरा बंद होत्या, अशा वाहत्या ठेवलेल्या गटात १.८ टक्के. पुढे ३००० पेशंटांच्या अभ्यासात त्यांनी बँड असताना अल्नरवरही दाब ठेवून पाहिला, म्हणजे रक्त रेडियलकडे वळेल. तिथे ३ टक्क्यांवरून ०.९ वर आलं.

यात नवीन मशीन नाही, महाग सामान नाही. एक सिरिंज, एक ऑक्सिमीटर आणि पेशंटशेजारी उभं राहायची तयारी. नाइटला दोन सिस्टर आणि भरलेला वॉर्ड असला की ही तयारी कुठून आणायची, हे मलाही माहीत आहे. तरीही मी नव्या मुलींना शिकवताना बँडचं सगळ्यांत आधी शिकवते, कारण स्टेन्ट कुठला टाकायचा हे आपल्या हातात नाही, पण ही शीर आहे.

शीर जपायची ती कशासाठी, तर माणूस परत येतो. हृदयाचा आजार एका स्टेन्टने संपत नाही. मागे टॉवेलच्या कारखान्यातले एक जॉबर (माग जोडणारे-दुरुस्त करणारे) अण्णा आले होते. काही वर्षांपूर्वी दुसरीकडे ॲन्जिओ झालेली. उजव्या मनगटावर बोट ठेवलं तर नाडी नाही. त्यांना काहीच त्रास नव्हता, माग जोडत होते, पाने फिरवत होते. पण ती वाट कायमची गेली होती आणि तीच शीर बायपाससाठी वापरायची म्हटली तरी आता जमणार नव्हती. जुन्या डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘रेडियल’ एवढंच लिहिलेलं. कुठला हात, किती फ्रेंचची शीथ, घरी जाताना नाडी होती की नाही, काही नाही. सरांनी डावा खळगा प्रोबने बघितला, शीर चांगली रुंद होती, तिथूनच सगळं झालं. पण हे डाव्या हातावर शेवटपर्यंत निभावायचं आहे, हे आम्हाला माहीत होतं आणि अण्णांनाही सांगितलं.

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी हाताने लिहितो: कुठला हात, नेमकी जागा, शीथचा आकार आणि बँड काढल्यावर ऑक्सिमीटरवर लाट आली की नाही. तुमच्या घरी कुणाची ॲन्जिओ झाली असेल तर कार्ड काढून बघा. लिहिलेलं नसेल तर फॉलोअपला जाल तेव्हा मनगट पुढे करा आणि तपासून लिहून द्यायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि ॲडमिट होताना आधीची ॲन्जिओ, बायपास, डायलिसिसची शक्यता आणि कुठल्या हाताने काम करता हे सिस्टरला आपणहून सांगा, टेबलवर जायच्या आधी.